हिशेब तपासणारा कोण?

दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला केंद्रीय अर्थमंत्री लोकसभेत अंदाजपत्रक मांडतात आणि पुढे यथावकाश पर्वरीच्या विधानसभेत राज्याचे अंदाजपत्रक येते. दोन्ही दिवशी आकड्यांचा पाऊस पडतो. विकासाचा दर, वित्तीय तूट, चलनवाढ, दरडोई उत्पन्न असे शब्द सभागृहात घुमतात. सत्ताधारी बाके वाजवतात, विरोधक हे अंदाजपत्रक दिशाहीन असल्याचे सांगतात. दुसऱ्या दिवशी आम्ही वृत्तपत्रवाले काय महागले आणि काय स्वस्त झाले याची चौकट छापतो आणि आठवड्याभरात सारे शांत होते. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सरकारने सांगितलेले आकडे पुरे आहेत की अपुरे, त्यांवरून काढलेले निष्कर्ष खरे आहेत की सोयीचे, हे तपासून सांगणारा सरकारबाहेरचा जाणता माणूस आपल्यापाशी आहे काय?

गावातील लहानशा सहकारी सोसायटीलाही आपण हिशेबतपासनीस नेमतो. चिटणिसावर आपला अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो तपासू नये हा व्यवहाराचा पहिला नियम आहे म्हणून. सरकारी जमाखर्चाच्या तपासणीसाठी महालेखापाल आहेत, हे खरे. परंतु महालेखापाल पाहतात तो तिजोरीतला पैसा. देशाचे एकूण उत्पन्न किती वाढले, ते कोणाच्या पदरात पडले, रोजगार का आटला, भाव का चढले, कर्ज काढून केलेला खर्च फळाला आला की नाही, हा हिशेब कोणत्याही खातेवहीत तयार सापडत नाही. तो वर्षानुवर्षांच्या संशोधनातून मांडावा लागतो. आणि ते काम निर्भयपणे होऊ शकेल अशी जागा एकच आहे, ती म्हणजे विद्यापीठ. म्हणूनच विद्यापीठांतील अर्थशास्त्रीय संशोधनाला, विशेषतः समग्रलक्षी अर्थशास्त्राच्या संशोधनाला, शासनाने आणि समाजाने पाठबळ दिले पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुनी पाठ्यपुस्तके ज्याला समग्रलक्षी म्हणत त्या अर्थशास्त्राला आता स्थूल अर्थशास्त्र हे नाव रूढ झाले आहे. नाव कोणतेही घेतले तरी विषय एकच, संपूर्ण अर्थव्यवस्थेचा. घरचा व्यवहार कळला की देशाचाही कळला अशी आपली समजूत असते; ती फसवी आहे. एका घराने काटकसर केली तर त्या घराची शिल्लक वाढते. पण साऱ्या गावाने एकाच वेळी हात आखडला तर वाण्याचा, शिंप्याचा, मासळी विकणारीचा धंदा बसतो. त्यांचे उत्पन्न घटले की तेही खर्च कमी करतात, आणि सगळ्यांनी बचत करायला निघूनही गावाची एकूण शिल्लक वाढत नाही. जे एकाला सद्गुण तेच सर्वांनी मिळून केल्यास संकट, ही गोष्ट लॉर्ड केन्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शास्त्रीय पद्धतीने मांडली. मासेमाराला बांगड्याचा भाव कळतो, हॉटेलवाल्याला पर्यटकांची वर्दळ कळते, बँकेच्या व्यवस्थापकाला आपल्या शाखेतील ठेवी कळतात. या सर्वांची मिळून जी गोष्ट होते ती मात्र यांच्यापैकी कोणालाच दिसत नाही. ती दिसावी म्हणून कोणीतरी दहा-वीस वर्षे एका जागी बसून माहिती गोळा करावी लागते, पडताळावी लागते आणि तिच्यातून कार्यकारणभाव शोधावा लागतो.

ही काही परदेशातून आणलेली हौस नाही. आपल्या राष्ट्रीय चळवळीचा पायाच मुळी अशा हिशेबावर घातला गेला. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे मांडले. सरकारला ते मानवले नाही. १८८२ साली सरकारच्या वतीने बेरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी ते २७ रुपये ठरवले. यांतील कोणता आकडा अचूक होता हा वाद येथे महत्त्वाचा नाही. राज्यकर्त्यांच्या आकड्यासमोर दुसरा आकडा उभा राहिला आणि त्यामुळे ब्रिटिश राज्याने देश सुखी केला हे वाक्य सिद्ध करण्याची जबाबदारी प्रथमच राज्यकर्त्यांवर येऊन पडली, हे महत्त्वाचे. गुलाम प्रजेने मागितलेला तो पहिला हिशेब होता.

नामदार गोखल्यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर केलेले पहिले भाषण आजही आदर्श मानले जाते. देश दुष्काळातून नुकताच बाहेर पडत असताना सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते ती समृद्धीची खूण नव्हे, प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची आणि रुपयाचा भाव चढवल्याची ती खूण आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. त्या आकड्यांमागे कोणाचे श्रम होते? रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी या मुख्याध्यापकाचे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात वर्षानुवर्षे निनावी लेखन करणाऱ्या या शिक्षकाने सरकारी अहवालांचा ढीग उपसून जे सार काढले, ते गोखल्यांच्या वक्तृत्वातून कौन्सिलापर्यंत पोहोचले. गोखले आपल्याला आठवतात, जोशी आठवत नाहीत. संशोधकाच्या वाट्याला बहुधा हेच येते.

तिसरे उदाहरण बडोद्याचे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तेथील अभ्यासातून ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणाच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध सिद्ध झाला आणि १९२५ साली तो ग्रंथरूपाने निघाला तेव्हा बाबासाहेबांनी तो महाराजांना अर्पण केला. केंद्राने गोळा केलेल्या महसुलातून प्रांतांना काय आणि कोणत्या न्यायाने मिळावे, हा त्या ग्रंथातला प्रश्न. आज प्रत्येक वित्त आयोगापुढे तोच प्रश्न असतो. त्याआधी १९२३ साली लंडनमधील संशोधनातून रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना होती त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची, आणि शिष्याची अनेक मते आपल्याला मान्य नाहीत असे सांगून त्यांनी ती लिहिली होती. मत न पटताही प्रबंध मान्य करावा, त्याला प्रस्तावना द्यावी, हे विद्यापीठाच्या वातावरणातच घडू शकते. कोणत्याही सरकारी खात्यात किंवा पेढीत घडत नाही.

तथापि व्यक्तीचे काम व्यक्तीबरोबर संपते. ते चालू राहायचे तर संस्था लागते. ही जाण असलेले रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. ते त्या पदावर १९६६ पर्यंत होते. छत्तीस वर्षे एक माणूस एका संस्थेत बसून फळबाजारापासून शेतीच्या अर्थकारणापर्यंत एकेका प्रश्नाची पाहणी करीत आणि करवून घेत राहिला. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत गाडगिळांचा हात होता. राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याच्या वाटपाचे सूत्र पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले, आणि १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ही सारी फळे त्या एका देणगीच्या झाडाला लागली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ते झाड नसते तर यांतील बरीच फळे दिसली नसती.

त्याच संस्थेत प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी केलेले भारतातील दारिद्र्यावरील संशोधन १९७१ साली प्रसिद्ध झाले. पोटाला पुरेसे उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च लागतो हे त्यांनी काढले. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये. एवढाही खर्च करू न शकणारे लोक ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के असल्याचे त्यांनी दाखवले. गरिबी हटवण्याची घोषणा याच सुमारास देशभर दुमदुमत होती. घोषणेला मोजपट्टी दिली ती विद्यापीठीय संशोधनाने. या कामाला पैसा होता अमेरिकेच्या फोर्ड प्रतिष्ठानचा, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या देशातला कोण उपाशी आहे हे मोजण्यासाठी आपल्याच विद्वानांना परक्याची मदत घ्यावी लागली, यात त्या विद्वानांना कमीपणा नाही. तो आपल्या धनिकांना आणि सरकारांना आहे.

सरकारच्या मताविरुद्ध जाण्याचे धैर्यही याच वातावरणात टिकते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी अर्थशास्त्रज्ञांचे मंडळ नेमले गेले होते. १९५५ साली त्या मंडळात भिन्नमतपत्रिका जोडणारे प्रा. ब. रा. शेणॉय एकटेच होते. ते गुजरात विद्यापीठात होते. तुटीच्या अर्थभरण्यावर एवढी मोठी योजना पेलणार नाही, असा त्यांचा इशारा होता. पुढे १९५७ साली परकीय चलनाची टंचाई देशाच्या दाराशी येऊन ठेपली. १९५६ साली मुंबई विद्यापीठाचे प्रा. सी. एन. वकील आणि प्रा. प. रा. ब्रह्मानंद यांनी याच योजनेच्या धोरणाला पर्याय मांडला. अवजड यंत्रांआधी धान्य-कापडासारख्या श्रमिकांच्या गरजेच्या वस्तूंचे उत्पादन वाढवा, असे त्यांचे म्हणणे होते. शेणॉयांची वा वकिलांची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही. परंतु सर्वांनी माना डोलावल्या असताना नकार देणारा एक प्राध्यापक देशात होता आणि त्याची नोकरी त्या नकारावर अवलंबून नव्हती, ही लोकशाहीची फार मोठी मिळकत होती.

आजची स्थिती काय आहे? विद्यापीठांची संख्या वाढली, इमारती वाढल्या. पण अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि तासिका तत्त्वावर माणसे घेऊन वेळ मारून न्यायची, हा बहुतेक राज्यांचा रिवाज झाला आहे. ज्याला पुढील जूनमध्ये आपण असू की नाही याची खात्री नाही, तो दहा वर्षांचे संशोधन कसे हाती घेणार? जे कायम आहेत त्यांना बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या भरावी लागते. तेव्हा चार महिन्यांत उरकेल असाच विषय निवडला जातो. दुसरीकडे सरकारांना अहवाल हवा असला की सल्लागार कंपन्यांना कंत्राट मिळते. असा अहवाल देखणा असतो, ठरलेल्या मुदतीत येतो आणि मागणाऱ्याला हवे ते सांगतो. त्यावर कोणी प्रश्न विचारू लागले तर त्यामागची मूळ माहिती मात्र पाहायला मिळत नाही.

माहितीचा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही. ती २०२७ ची म्हणून जाहीर झाली. २०१७-१८ साली घेतलेल्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष सदोष ठरवून सरकारने २०१९ मध्ये ते प्रसिद्धच केले नाहीत. पुढची पाहणी २०२२-२३ ची, आणि तिचे आकडे २०२४ मध्ये हाती आले. मधल्या अकरा वर्षांत देशातील गरिबी वाढली की घटली यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडण झाले, पण दोघांच्याही हाती अधिकृत पुरावा नव्हता. पाहणी सदोष असेल तर ती दोषांसह विद्वानांपुढे ठेवावी, दोष कोणते हे त्यांनी सांगावे. कपाटात ठेवलेली पाहणी कोणालाच शहाणे करीत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीचे उदाहरण घ्या. चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या. त्यांपैकी ९९.३ टक्के नोटा परत आल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितले. पण नोटांच्या टंचाईमुळे उत्पादनाला नेमका किती फटका बसला, हे कसे मोजायचे? साऱ्या देशाला एकाच वेळी धक्का बसला तर तुलना कोणाशी करणार? यावर विद्वानांनी युक्ती काढली. नव्या नोटा काही जिल्ह्यांत लवकर पोहोचल्या, काही जिल्ह्यांत उशिरा. त्या जिल्ह्यांची आपसांत तुलना केली, उपग्रहाने टिपलेला रात्रीचा उजेडही पुरावा म्हणून घेतला, आणि त्या तिमाहीत आर्थिक व्यवहाराच्या वाढीचा दर किमान दोन टक्के बिंदूंनी घसरल्याचा निष्कर्ष काढला. हे संशोधन २०२० साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखकांत हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित अर्थशास्त्रज्ञ होते, तसेच रिझर्व्ह बँकेतील एक संशोधकही होता. आपल्या माणसांची बुद्धी त्यात होती, आपली माहिती होती, आपलेच दुःख होते. पण असे काम चटकन उभे करू शकेल असे बळ आपल्या राज्यांतील किती विद्यापीठांत होते, हा प्रश्न आम्हाला अस्वस्थ करतो.

आता आपल्या अंगणाकडे वळू. दरडोई उत्पन्नात गोवा देशातील अगदी वरच्या राज्यांत आहे, हे वाक्य प्रत्येक अंदाजपत्रकी भाषणात असते. ते खोटे नाही. परंतु त्याचा अर्थ काय? राज्याचे उत्पन्न मोजताना ते कोठे निर्माण झाले हे पाहतात. कोणाच्या पदरात पडले हे पाहत नाहीत. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधे तयार होतात. त्या कारखान्याचा नफा मुंबईच्या वा अहमदाबादच्या मालकाकडे गेला तरी तो गोव्याच्याच उत्पन्नात मोजला जातो. किनाऱ्यावरच्या तारांकित हॉटेलचेही तेच. उलट बोटीवर नोकरी करणारा किंवा आखातात राबणारा गोमंतकीय घरी जो पैसा पाठवतो, ज्यातून घराचे छप्पर बदलते, मुलीचे शिक्षण होते आणि चतुर्थीची माटोळी सजते, तो या हिशेबात येत नाही. मग गोव्यातील सामान्य कुटुंबाच्या हाती खरोखर किती येते? तो आकडा सरकारी उत्पन्नापेक्षा बराच कमी आहे की नाही, हे भाषणांतून कळणार नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे चालणारी पाहणी हवी. आणि देशव्यापी पाहण्यांत लहान राज्याच्या वाट्याला मोजकीच घरे येत असल्याने ही गरज गोव्याला अधिक आहे.

बँकांचेही तसेच. परदेशातून पैसा पाठवणाऱ्या या प्रांतात ठेवी भरपूर आहेत; पण ठेवींच्या मानाने राज्यात दिली जाणारी कर्जे देशाच्या सरासरीपेक्षा फारच कमी आहेत. म्हणजे गोमंतकीयाची बचत बाहेरच्या उद्योगाला भांडवल पुरवते आणि गोमंतकीयाचा मुलगा नोकरीसाठी बाहेर जातो. याला बँका जबाबदार की आपली उद्यमशीलता, जमिनीच्या मालकीचे गुंते की घरे बांधून कुलूप लावण्याची वृत्ती? यावर चहाच्या टेबलावर ठाम मते ऐकू येतात. अभ्यासलेले उत्तर सापडत नाही.

सर्वांत कठोर धडा खाणींनी दिला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी बंद झाल्या आणि त्या आर्थिक वर्षात राज्याचे उत्पन्न आकसले. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांच्या मर्यादेत मुभा दिली, तर फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरून मार्चपासून पुन्हा खाणी थांबल्या. खाणी सुरू असताना त्यांचा लाभ किती आणि कोणाला, बंद झाल्यावर ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खानावळी असा तोटा कोठवर पसरला, किती कुटुंबे डिचोली-सांग्यातून बाहेर पडली, शेते आणि विहिरी किती सावरल्या, हे सर्व गोव्याच्या भवितव्याचे प्रश्न होते. अभ्यास मुळीच झाले नाहीत असे नाही. पण सार्वजनिक वादात जे आकडे गाजले ते बहुतेक पक्षकारांचे होते. खाणवाल्यांचे आकडे एक सांगत, खाणविरोधकांचे दुसरे, सरकारचे प्रसंगानुसार बदलत. ज्याच्यावर दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवावा असा तिसरा आकडा नव्हता. दोन्ही वेळा अखेर न्यायालयाने निर्णय दिला, आणि आपण लोकांनी आपल्याच प्रांताच्या अर्थव्यवस्थेविषयी अंधारात राहून तो ऐकला.

या मागणीवर आक्षेप येतील याची आम्हाला कल्पना आहे. पहिला आक्षेप, अर्थशास्त्रज्ञांचे आपसांतच जमत नाही, मग त्यांना पोसायचे कशाला? नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या राणीने लंडनच्या प्रसिद्ध अर्थशास्त्र विद्यालयात जाऊन, एवढे मोठे संकट कोणालाच कसे दिसले नाही, असा प्रश्न विचारला होता. तो रास्तच होता. या शास्त्राला भविष्य सांगता येत नाही आणि तसा आव त्याने आणू नये. पण वैद्यांत मतभेद असतात म्हणून आपण वैद्यकाचे कॉलेज बंद करीत नाही. मतभेद पुराव्यावर आधारलेले असले आणि ते उघडपणे मांडले गेले तर त्यांतूनच चूक लवकर उघडी पडते. घातक असते ते एकमत. विशेषतः सरकारी कचेरीतून निघालेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्राथमिक शाळांना शिक्षक नाहीत, आरोग्य केंद्रांत औषधे नाहीत, अशा वेळी प्रबंधांवर पैसा खर्च करावा काय? आमचे उत्तर असे की या दोहोंत स्पर्धाच नाही. पाच-सहा कायम संशोधक, तेवढेच तरुण सहायक आणि पाहणीचा खर्च एवढ्यात एक चांगले केंद्र उभे राहते. एका चुकलेल्या करधोरणाची किंवा गरज न ओळखता काढलेल्या एका कर्जाची किंमत याहून कितीतरी पट असते, आणि ती किंमत शाळा व आरोग्य केंद्रांच्याच वाट्यातून कापली जाते. २०२३ च्या कायद्याने केंद्राने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट सांगितले, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु त्याचा मुख्य भर भौतिक विज्ञाने आणि तंत्रज्ञान यांवर आहे. समाजविज्ञानांना तेथे बाजूच्या खोलीत जागा आहे. तेव्हा राज्यांनी आणि समाजाने स्वतःची सोय पाहिली पाहिजे.

गोवा विद्यापीठ १९८५ पासून ताळगावच्या पठारावर उभे आहे. भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाने तेथे राजकीय अर्थशास्त्राचे अध्यासन आहे आणि त्यावर पाहुण्या विद्वानांना निमंत्रित केले जाते. हे उत्तम आहे. पण पाहुणा दिवे लावून जातो. तेल घालीत राहायला घरचेच माणूस लागते. म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवतो. पहिली, गोव्याच्या अर्थव्यवस्थेचा अखंड अभ्यास करणाऱ्या केंद्रासाठी राज्याने एकदाच कायम निधी बाजूला काढावा. त्याचे मुद्दल मोडू नये आणि दरवर्षी मंत्रालयाचे उंबरठे झिजवण्याची पाळी केंद्रावर येऊ नये. लोहखनिजाच्या विक्रीतून दहा टक्के रक्कम कायम निधीत टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला, तो पुढच्या पिढ्यांचे मुद्दल राखण्यासाठीच. ज्ञानाच्या बाबतीत तेच तत्त्व का नसावे? दुसरी, राज्याच्या नियोजन व सांख्यिकी संचालनालयाकडील मूळ माहिती, व्यक्तींची ओळख झाकून, संशोधकांना हक्काने मिळावी, मेहेरबानीने नव्हे. तिसरी, निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी कोणाचीही परवानगी लागू नये. ना मंत्र्याची, ना कुलगुरूंची, ना देणगीदाराची. चौथी, प्रत्येक संशोधनाचे सार मराठी आणि कोकणीत, सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत निघावे. ज्यांच्या पैशावर हिशेब मांडला त्यांना तो वाचता आला पाहिजे.

धनिकांनाही आमचे सांगणे आहे. अमेरिकेत आल्फ्रेड कौल्स नावाचे एक गृहस्थ शेअरबाजाराचे अंदाज वर्तवण्याचा व्यवसाय करीत. १९२९ ची पडझड ना त्यांना आधी दिसली ना त्यांच्या बरोबरीच्या इतरांना. त्यांनी प्रामाणिकपणे आपला अंदाजांचा धंदा बंद केला, आपल्याला काय कळत नाही हे शोधण्यासाठी १९३२ साली संशोधन मंडळ काढले, आणि ते पुढे आधी शिकागो व नंतर येल विद्यापीठात गेले. आधुनिक अर्थशास्त्राची गणिती बैठक घालण्यात त्या मंडळाचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडे देवळाला, क्लबला, फुटबॉलला देणाऱ्यांची वाण नाही. त्यांनी येथेही हात सैल सोडावा. मात्र खाणवाल्याने खाणीवरील, हॉटेलवाल्याने पर्यटनावरील संशोधनाला पैसा द्यायचा असेल तर तो विद्यापीठाच्या सामायिक निधीत द्यावा आणि मग तिकडे वळूनही पाहू नये. विषय सुचवणारी देणगी हळूहळू उत्तरही सुचवू लागते.

विद्यापीठांनाही एक शब्द सांगितला पाहिजे. स्वातंत्र्य मागणाऱ्याने कष्टाचीही तयारी ठेवावी. परदेशी नियतकालिकांसाठी परदेशी प्रश्नांवर लिहिणे सोपे. म्हापशाच्या बाजारात वर्षभर दर शुक्रवारी उभे राहून भाव टिपणे कठीण. गाडगीळ आणि दांडेकर यांनी दुसरे काम केले म्हणून त्यांच्या पहिल्या कामालाही मान मिळाला. लोकांनी पाठबळ द्यावे असे वाटत असेल तर लोकांच्या प्रश्नांपाशी यावे लागेल.

दादाभाईंच्या काळी आपण पराधीन होतो, तरीही राज्यकर्त्यांपुढे स्वतःचा आकडा ठेवण्याची हिंमत आपल्यात होती. आज राज्य आपले आहे, विद्यापीठे आपली आहेत, कर आपला आहे. तरीही पुढच्या अंदाजपत्रकाच्या दिवशी अर्थमंत्री जे आकडे वाचतील तेच आपण निमूटपणे ऐकणार असू, तर गोमंतकाने १९६१ साली जे स्वातंत्र्य मिळवले त्यातील हिशेब मागण्याचा भाग आपण अजून हाती घेतलेला नाही असेच म्हणावे लागेल. पर्वरीत अंदाजपत्रक मांडले जाईल त्याच आठवड्यात ताळगावच्या पठारावरून त्याची निर्भीड चिकित्सा प्रसिद्ध होईल, आणि ती वाचल्याशिवाय विधानसभेत चर्चा सुरू होणार नाही, असा दिवस लवकर यावा. त्यासाठी लागणारा पैसा फार नाही. लागते ती आपल्या विरुद्ध जाऊ शकणाऱ्या माणसाला पगार देण्याची उदारता. तेवढी आपल्या राज्यकर्त्यांत आहे की नाही, हे येत्या अंदाजपत्रकात कळेल.